खालचा पट

(बोरीवली येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्या कथेची सुरुवात अशी असू शकते: संध्याकाळी सातच्या सुमारास तो दादरला विरार फास्टमध्ये चढला, खिडकीजवळ बसला, बोरीवली आल्यावर शांतपणे उतरला आणि घरी गेला. नागपुरात किंवा कोल्हापुरात वाचक हे वाक्य सहज ओलांडून पुढे जाईल. बोरीवलीत मात्र पुस्तक तिथेच मिटलं जाईल. त्या वेळी त्या गाडीत चढणं म्हणजे काय आणि बोरीवलीला उतरणं म्हणजे काय, हे इथल्या प्रत्येकाच्या खांद्यांना आणि कोपरांना माहीत आहे. दारातला ग्रुप, ‘विरार गाडीत कशाला आलात’ हा प्रश्न, कांदिवली मागे पडायच्या आत दाराकडे सरकण्याची घाई, उतरता न आल्यामुळे थेट भाईंदरला पोचलेली माणसं. हे सगळं गाळून कथेचा नायक घरी पोचला, तर पुढे त्याने प्रेम केलं काय किंवा खून केला काय, वाचक त्याच्यासोबत जात नाही. ज्या लेखकाला विरार गाडी ठाऊक नाही, त्याला माणसाचं मन कुठून ठाऊक असणार, अशी शंका एकदा आली की ती जात नाही.

तारखांचंही तसंच. चर्चगेट ते बोरीवली ही पहिली महिला विशेष लोकल 5 मे 1992 रोजी सुटली. त्या गाडीत भाजी निवडणाऱ्या, हळदीकुंकू करणाऱ्या, एकमेकींच्या मुलींची स्थळं बघणाऱ्या बायकांवर मनात येईल तेवढं लिहिता येईल. पण 1985 साली घडणाऱ्या कथेत ती गाडी आली, की त्या काळात रोज साध्या लोकलच्या बायकांच्या डब्यात लोंबकळत गेलेली एखादी वाचक ते पान उलटणार नाही. तिला दिनांक पाठ असेलच असं नाही. पण आपल्या नशिबी ती गाडी तेव्हा नव्हती, हे तिला पक्कं आठवत असतं.

मराठीत यासाठी एक सुंदर क्रियापद आहे: पटणे. गोष्ट खरी असते, खोटी असते, आणि या दोन्हींहून वेगळं म्हणजे ती पटते किंवा पटत नाही. कोर्टात साक्ष पटते. पोलीस पंचनाम्यात ओळख पटते. नवराबायकोचं पटतं, सासूसुनेचं पटत नाही. सगळीकडे अर्थ एकच आहे: दोन वस्तू शेजारी ठेवल्या आणि त्यांच्या कडा जुळल्या. कथा वाचताना वाचक नकळत हेच करत असतो. समोरच्या ओळीशेजारी तो स्वतःचं जगणं ठेवून पाहतो आणि कडा जुळल्या तर पुढे जातो. ‘गोष्ट’ हा शब्दही मोठा अर्थपूर्ण आहे. आजी सांगते तीही गोष्ट, आणि ‘ही गोष्ट खरी’ असं आपण म्हणतो तीही गोष्टच. घडलेलं आणि रचलेलं, दोन्हींना मराठी माणसाने एकच नाव दिलं.

या उपनगरातली सर्वांत जुनी रचलेली गोष्ट शोधायला फार लांब जायला नको. एप्रिल 2022 पासून मेट्रोच्या एका स्थानकाला ज्या एक्सरचं नाव आहे, त्या गावात सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. त्यावर आडवे पट कोरलेले असतात आणि ते खालून वर वाचायचे असतात. तळाच्या पटात लढाई आणि मृत्यू, त्यावर अप्सरांनी घेरलेल्या वीराचा स्वर्गाकडे प्रवास, आणखी वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश. एक्सरच्या दगडांचं वेगळेपण असं की इथल्या लढाईत जहाजं आहेत. त्यांना डोलकाठ्या आहेत, वल्ह्यांच्या रांगा आहेत, आणि त्यांत लढणारी माणसं आहेत. अनेक अभ्यासक या शिल्पांचा संबंध उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात सुमारे 1265 साली झालेल्या युद्धाशी जोडतात. महादेवाचा मंत्री हेमाद्री याने लिहिलेल्या राजप्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं वर्णन आहे.

म्हणजे एकाच युद्धाच्या दोन गोष्टी. हेमाद्रीने जेत्यासाठी लिहिली. पाथरवटाने पडलेल्यांसाठी कोरली. आज कुणी अप्सरांवर विश्वास ठेवत नाही. तरीही त्या दगडासमोर उभं राहिल्यावर वरचा पट खोटा वाटत नाही, याचं कारण तळाच्या पटातली वल्ही. कोरणाऱ्याला जहाज माहीत होतं. वल्ही कुठून बाहेर येतात, माणसं कुठे दाटीने उभी राहतात, हे त्याने नीट दाखवलं, आणि ते एकदा पटलं की माणूस ढगांत चढतो हेही बघणारा सहन करतो. शिवाय क्रम पक्का आहे. खाली पडल्याशिवाय वर जाता येत नाही. मधला एक पट गाळून स्वर्ग दाखवण्याची मुभा पाथरवटाला नव्हती.

कथेचं शास्त्र सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत, पण या व्याख्यानाला एक्सरचा दगड पुरे. वरच्या पटात काय हवं ते असू दे, स्वर्ग, भूत, क्रांती, अतर्क्य प्रेम. त्याचं वजन तळाच्या पटाने पेलायला हवं.

मराठी कादंबरीला हे कळायला काही वर्षं लागली. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 चं. त्यात विधवांची दुःखं होती, ती खरी होती, पण उपदेश त्यांच्या खांद्यावर बसला होता. मग 1861 साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, त्यापाठोपाठ रिसबुडांची ‘मंजुघोषा’, आणि अद्भुताची लाट आली. राजपुत्र, कपटी प्रधान, हरवलेली आणि अवचित सापडलेली माणसं. लोकांनी ती आवडीने वाचली, यात काही वावगं नव्हतं. पण 1872 सालीच काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून या प्रकाराची चिकित्सा सुरू केली, आणि 1902 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘कादंबरी’ या निबंधात तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. आपल्याकडे टीका लेखनाच्या मागून येते असं म्हणतात. इथे ती बरोबरीने चालत होती, आणि त्याचा मराठीने अभिमान बाळगायला हवा.

उत्तर दिलं ते हरिभाऊ आपट्यांनी. ‘पण लक्षात कोण घेतो!’ 1890 ते 1893 या काळात ‘करमणूक’ या साप्ताहिकात आठवड्या-आठवड्याने छापून येत होती. लिहिणारा पुरुष, सांगणारी यमू. भातुकलीपासून वैधव्यापर्यंतची तिची हकीकत तिच्याच तोंडून. शेवटी तिचं सक्तीने केशवपन होतं तेव्हा वाचक हादरतो, पण त्याआधी हरिभाऊंनी किती बारीकसारीक जमा करून ठेवलेलं असतं! आईची समजूत काढायची पद्धत, सासरच्या माजघरातले टोमणे, शंकरमामंजींचं कावेबाज गोड बोलणं, मुंबईत बिऱ्हाड केल्यावर नवऱ्याशी मोकळेपणाने बोलता आल्याचं नवल. ती केशवपनाची कोठडी एका रात्रीत उभी राहिली नाही, वर्षानुवर्षं त्या घरातच होती, हे वाचकाला आधीच दिसलेलं असतं. म्हणून कुणी असं म्हणू शकलं नाही की लेखकाने रडवायला हे घडवून आणलं.

आता उलट बाजू. अगदी खरी, पुराव्यानिशी सिद्ध झालेली, आणि तरीही कथेत घातली तर कुणाला न पटणारी गोष्ट.

2009 साली अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या परिसरात एक बिबट्या विहिरीत सापडला. वयाने मोठा, म्हणून त्याला ‘आजोबा’ म्हणू लागले. डॉ. विद्या अत्रेय आणि वनखात्याची माणसं यांनी त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटाच्या भागात सोडलं. आजोबा तिथे राहिला नाही. एकोणतीस दिवसांत शंभराहून अधिक किलोमीटर चालत, महामार्ग आणि रूळ ओलांडत, वस्त्यांच्या कडेकडेने तो आपल्या या बोरीवलीच्या जंगलाशी येऊन पोचला. नकाशावर पट्ट्याने उमटवलेले ठिपके आहेत, म्हणूनच या प्रवासावर विश्वास बसतो. 2011 मध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला.

एखाद्या नवोदित लेखकाने ही हकीकत कथा म्हणून संपादकाकडे पाठवली असती, तर बहुधा ती परत आली असती. घाटातला बिबट्या मुंबईलाच का आला? वाटेत कुणाला दिसला कसा नाही? एवढा चालून आला आणि मग गाडीखाली गेला, हे लेखकाने सोयीने जुळवलं नाही कशावरून? वास्तवात हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण तिथे पुरावा पुरतो. कथेला पुरावा चालत नाही. तिला कारण लागतं, आणि बिबट्या कारण सांगत नाही. 2014 साली सुजय डहाके यांनी याच घटनेवर ‘आजोबा’ हा चित्रपट केला. त्यात प्राण्याच्या वाटेशेजारी एका संशोधक स्त्रीची वाट उभी करावी लागली, ती ऊर्मिला मातोंडकर यांनी साकारली. तिची जिद्द प्रेक्षकाला दिसते, समजते, आणि त्या जिद्दीच्या दोरीला धरून तो बिबट्यामागे जातो.

‘खरंच घडलंय हो हे!’ असं सांगणारे लेखक प्रत्येक कथास्पर्धेत भेटतात. त्यांचा त्रागा समजण्यासारखा आहे. आयुष्यात ज्याने आपल्याला गदगदा हलवलं, ते कागदावर का हलत नाही, याचं दुःख खरं असतं. पण वाचकापुढे पडलेला असतो फक्त कागद. सुमारे 2300 वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटलने कवीला सल्ला दिला तो याच अडचणीबद्दल: शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट निवडावी. त्याचा तो काव्यशास्त्राचा ग्रंथ मराठीत आणला गो. वि. करंदीकरांनी, म्हणजे आपल्या विंदांनी. आणि अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिताना दागिन्यांचा दाखला दिला होता: कंबरपट्टा गळ्यात घातला आणि पैंजण हातात, तर दागिने सोन्याचे असूनही हसं होतं. ग्रीसमधून आणि काश्मीरमधून आलेले हे दोन विचार एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वस्तू अस्सल आहे का, एवढं विचारून भागत नाही. ती जागेवर आहे का, हेही बघावं लागतं.

रोजच्या मालिकांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्यांचं जन्मस्थान इथून जवळ आहे. याच बोरीवलीच्या जंगलाच्या कडेला, गोरेगावात, 1977 पासून चित्रनगरी आहे. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढी पानं रोज लिहिणाऱ्या माणसांच्या कष्टाला नमस्कारच करायला हवा. त्यांची अडचण वेगळी आहे: कथेतली कारणं कथेबाहेरून येतात. नटाच्या तारखा संपल्या की पात्र परगावी जातं, टीआरपी घसरला की दाराआडून कुणीतरी गुपित ऐकतं. वरचा पट रोज भरत जातो, धक्के, लग्नं, कारस्थानं, आणि खालचा रिकामा होत जातो. कुणी कामावर जाताना दिसत नाही, विजेचं बिल भरत नाही, कुणाचे पाय दुखत नाहीत. प्रेक्षक बघत राहतो, पण साक्षीदार म्हणून बघायचं थांबतो.

खालचा पट रिकामा न ठेवणारं जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक 1997 चं. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांची उलथापालथ केली, पण पवारांनी रंगमंचावर मोर्चा आणला नाही. आणली ती चाळीतली एक खोली, एक आई आणि जिथे तिथे भरकटलेली मुलं. त्यांतला एक लेखक होऊ पाहणारा आहे, आणि त्याच्या लेखनात त्याची स्वतःची खोली येत नाही. त्या एका पात्रात पवारांनी मराठी लेखकांना जे विचारलं, ते अजून पुरतं ऐकलं गेलेलं नाही.

आणि आता अण्णाभाऊ.

1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावात जन्मलेला हा मुलगा आईवडिलांसोबत पायी मुंबईत आला. कोळसे वेचले, फेरीवाल्यांच्या हाताखाली राबला, गिरणीत राबला. शाळेचे दिवस बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. घाटकोपरच्या चिरागनगरात, पत्र्याच्या झोपड्यांच्या गल्लीत, त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि मराठीतलं मोठं लेखन तिथे बसून केलं. ‘फकिरा’ 1959 साली प्रसिद्ध झाली, तिला 1961 चा राज्य पुरस्कार मिळाला. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात 18 जुलै 1969 रोजी ते गेले. ते उपनगरांचे लेखक होते, हे आपण क्वचित उच्चारतो. वारणेच्या खोऱ्याचे म्हणून त्यांना ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेची भूमी आपली आहे.

कथा भीमा नावाच्या माणसाची. वारणाकाठचा धिप्पाड गडी पोटासाठी मुंबईत येतो आणि उपनगरातल्या दगडाच्या खाणीत कामाला लागतो. घरी बायको आहे, नर्मदा नावाची लाडकी लेक आहे. या बाजूच्या डोंगरांनी मुंबईला काय दिलं हे इथे आठवायला हवं. फोर्टातल्या अनेक देखण्या इमारतींना मालाडचा पिवळसर दगड लागला. अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून काळ्या बसाल्टचा जो उंच सुळका उभा आहे, त्याच्या भोवतालचा दगड खणून नेला गेला. मुंबई उभी राहिली ती इथल्या खड्ड्यांतून. भीमा त्या खड्ड्यांतला माणूस. मग खाण बंद पडते. हातातलं बळ तसंच राहतं, काम जातं. स्मशानातल्या राखेत त्याला सोनं चमकलेलं दिसतं, आणि तो राख चाळू लागतो. पुढे पुरलेली प्रेतं उकरू लागतो.

वाचकाला इथे अंगावर काटा यायला हवा आणि येतोही. पण ‘असं कुठे असतं?’ हा प्रश्न तो विचारत नाही. का विचारत नाही, याकडे लेखन शिकणाऱ्याने बारकाईने पाहावं. मृताच्या तोंडात सोन्याचा कण ठेवायची रीत घरोघरी माहीत आहे, त्यामुळे स्मशानात सोनं सापडणं हा चमत्कार उरत नाही. राख हलकी, सोनं जड, म्हणून चाळणं हे काम शहाणपणाचं. खणणं ही भीमाची विद्याच आहे, फक्त दगडाऐवजी आता माती आहे. खाणीने दिलेलं बळ, खाण बंद पडल्याने आलेली भूक आणि समाजाने मेलेल्याच्या तोंडात जपून ठेवलेलं सोनं. या तीन वस्तू एका रेषेत ठेवल्या की भीमा स्मशानात पोचतोच. अण्णाभाऊंना त्याला ढकलावं लागत नाही. एका प्रेतासाठी कोल्ह्यांची टोळी त्याच्याशी झुंजते तेव्हा दोन भुका समोरासमोर येतात, आणि वाचकाला क्षणभर कळेनासं होतं की आपण कुणाच्या बाजूने आहोत.

मग ती रात्र येते. प्रेताच्या जबड्यात भीमाची बोटं अडकतात. तो कसाबसा सुटतो, पण दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू होणार असल्याची बातमी येते.

हा योगायोग आहे, आणि तोही कथेच्या अगदी शेवटी. अशा योगायोगाने कितीतरी कथा बुडाल्या आहेत. हीच बातमी आदल्या दिवशी आली असती, भीमा स्मशानाच्या वाटेवरून परत फिरला असता, बायकोने त्याला जेवायला वाढलं असतं, तर लेखकाने नायकाला वाचवायला बातमी धाडली असं प्रत्येकाने म्हटलं असतं. ती एक दिवस उशिरा आली, म्हणून ती पटते. नायकाच्या मदतीला धावणारा योगायोग वाचक ओळखतो, त्याच्या वाट्याला न येता निघून जाणारा योगायोग तो स्वतःच्या आयुष्यातून ओळखतो. खाणीचं बंद पडणं कथेच्या तळाशी ठेवलेलंच होतं, त्यामुळे तिचं उघडणं बाहेरून आणावं लागलं नाही. कापली गेली ती बोटं, जी खाणीत लागतात. ज्या कामासाठी गाव सोडून तो आला ते काम परत आलेलं आहे, आणि पहार धरायला हात पुरा उरलेला नाही. तो डोंगराएवढा माणूस पोरासारखा रडतो, बायको आणि लेक बाजूला आहेत, आणि बाहेर कुठेतरी खाणीवर माणसं पुन्हा जमू लागली असतील.